मिठाच्या विहिरींपासून २० लिटरच्या कॅनपर्यंत: पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्याची पार्श्वभूमी

१९३० साली मिठाचा सत्याग्रह देशभर पसरला तेव्हा वऱ्हाडाजवळ समुद्र नव्हता, पण मीठ होते. अकोला जिल्ह्यातल्या दहिहांडा येथे सत्याग्रहींनी विहिरीचे खारे पाणी आटवून मीठ केले आणि कायदा मोडला. पूर्णा नदीच्या दोन्ही काठांवर विहिरींतून मीठ काढण्याचा धंदा जुनाच होता, इंग्रजांनी तो बंद पाडला होता. आज त्याच पट्ट्यात लोक मीठ टाकून देऊन पाणी विकत घेतात.

अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून हा खारपाणपट्टा सुमारे ४.७ लाख हेक्टरांवर पसरला आहे. त्यात ९०० च्या आसपास गावे येतात. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद ही त्यातली ठळक नावे. ‘इथे पूर्वी समुद्र होता’ असे गावागावात ऐकायला मिळते, पण खारटपणासाठी समुद्राची गरज नाही. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याची रांग यांच्यामधल्या खोलगट भागात नदीने शेकडो मीटर जाडीचा गाळ भरला आहे. हा गाळ चिकण आहे. पाऊस साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पडतो आणि बाष्पीभवन त्याच्या दुपटीहून जास्त होते. खडक झिजून सुटलेले क्षार धुऊन जायला ना उतार आहे, ना पाझर. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, आणि हे हजारो वर्षे चालले आहे.

फरक पाहायचा तर अकोटहून उत्तरेला जावे. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे आणि जाड वाळूचा थर आहे, तिथे विहिरीला गोडे पाणी लागते आणि संत्र्याच्या बागा उभ्या आहेत. दक्षिणेला थोडे अंतर गेले की बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही. अकोली जहागीरच्या कोरड्या विहिरीला गजानन महाराजांनी गोडे पाणी आणले, ही कथा याच तालुक्यातली. ती इथे एवढी जिवाभावाची का, हे सांगायला नको.

खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्याला पांढरा थर धरतो. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत, असे भारतीय मानक सांगते. इथल्या अनेक बोअर ही दुसरी मर्यादाही ओलांडतात. मूत्रपिंडाचे आजार या भागात जास्त दिसतात अशी तक्रार जुनी आहे. हे पाणी शेतालाही देता येत नाही. त्यातले सोडियम काळ्या मातीचे कण फोडते, जमीन वर कडक आणि आत चिकट होते, नंतर पावसाचे पाणीही मुरत नाही. म्हणूनच इथला शेतकरी खरिपात कापूस, तूर, मूग घेतो आणि रब्बीत जमिनीतल्या ओलीवर हरभरा काढतो.

सरकारने काढलेला पहिला मोठा तोडगा म्हणजे सातपुड्यातल्या धरणांचे पाणी नळाने खाली आणणे. वान धरणावरून अकोट-तेल्हाऱ्याची ८४ खेडी योजना झाली, पुढे जळगाव जामोद-संग्रामपूरची १४० गावांची योजनाही वानवरच आली. शहानूर धरणावरून दर्यापूर-अंजनगाव भागातल्या १५६ गावांची योजना झाली. पाणी उत्तम आहे. अडते ते वाटेत. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि दरवर्षीच्या या हालचालीत पाइपाचे सांधे निखळतात. खारी जमीन लोखंड खाते. मुख्य वाहिनीवर मधल्या गावांनी नळ मारले की दाब उतरतो आणि टोकाच्या गावाच्या टाकीत पाणी चढत नाही. त्यातच पाणीपट्टी थकते, वीजबिल थकते, पंप बंद पडतो. नकाशावर योजना असलेल्या गावात आठवड्याने किंवा त्याहून उशिरा पाणी येण्याचे कारण बहुतेक वेळा यांपैकीच एक असते.

पाणीपुरवठ्यातल्या या खंडाच्या फटीतून आरओ, म्हणजे खारे पाणी दाबाने बारीक पापुद्र्यातून ढकलून क्षार वेगळे करण्याचे तंत्र, आत आला.

पाणी गोडे करणे म्हटले की समुद्र डोळ्यापुढे येतो, पण या तंत्राचा पहिला व्यावसायिक प्रयोग खारपाणपट्ट्यासारख्याच जागी झाला. कॅलिफोर्नियातले कोलिंगा हे समुद्रापासून आत असलेले गाव, भूजल खारे, पिण्याचे पाणी रेल्वेच्या टाक्यांतून यायचे. १९६५ मध्ये तिथे लोब आणि सौरिराजन या संशोधकांच्या पापुद्र्यावर (मेंब्रेनवर) आधारलेले यंत्र बसले. किनाऱ्यावरचे मोठे कारखाने नंतर आले. भारतात भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने हे तंत्र हाताळले, आणि १९८६ च्या पेयजल मिशननंतर खाऱ्या पाण्याच्या गावांत अशी यंत्रे बसू लागली. चेन्नईजवळ मिंजूरला २०१० मध्ये आणि नेम्मेलीला २०१३ मध्ये रोज १० कोटी लिटरचे समुद्रजल प्रकल्प सुरू झाले. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा शहराची गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दुष्काळात घाईने बांधलेला प्रकल्प १९९२ मध्ये पाऊस येताच थोड्याच काळात बंद ठेवावा लागला, आणि तो पुन्हा चालू झाला थेट २०१७ मध्ये. आपल्याकडे गावचा आरओही नळाला पाणी आले की बंद होतो. आणि त्याचे पापुद्रे कोणी जपून ठेवत नाही.

गावातल्या ताशी १,००० लिटरच्या यंत्राची रचना ठरलेली असते. बोअर, कच्च्या पाण्याची टाकी, वाळूचा फिल्टर, कार्बन फिल्टर, अँटीस्केलंटचा (क्षारांचा थर धरू न देणाऱ्या रसायनाचा) डोसिंग पंप, ५ मायक्रॉनचे कार्ट्रिज, हाय प्रेशर पंप, मग नळकांड्यांत बसवलेले ४ इंची मेंब्रेन, साधारण चार. शेवटी यूव्ही दिवा, स्टीलची टाकी आणि नाणे किंवा कार्ड टाकायचे एटीएम. समुद्राच्या पाण्याला ५५ ते ७० बार दाब लागतो, इथल्या पाण्याला १० ते १५ बार पुरतो. त्यामुळे विजेचा खर्च समुद्राच्या मानाने बराच कमी पडतो. या बाबतीत खारपाणपट्टा किनाऱ्यापेक्षा सुदैवी आहे.

यंत्र बिघडते ते ठरलेल्या जागी. सर्वांत आधी अँटीस्केलंट संपते आणि ते पुन्हा भरले जात नाही, कारण ते नसले तरी दोन-तीन आठवडे पाणी येतच राहते. तोवर मेंब्रेनवर चुन्याचा आणि जिप्समचा थर चढलेला असतो. गोड्या पाण्याची धार नव्या यंत्राच्या मानाने १० ते १५ टक्के घटली की मेंब्रेन सायट्रिक आम्लाने धुवायला हवे. त्याहून उशीर झाला तर चुना सुटतो, जिप्सम सुटत नाही. दुसरी चूक ब्लीचिंग पावडरची. ग्रामपंचायतीने कच्च्या टाकीत पावडर टाकली आणि कार्बन जुना झालेला असला तर क्लोरीन मेंब्रेन जाळते, मग गोड्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, हळूहळू चढू लागतो. तो एका दिवसात एकदम चढला तर बहुधा ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) फाटलेली असते, मेंब्रेन बदलायची गरज नसते. मेकॅनिक मात्र मेंब्रेनचेच बिल लावतो. टीडीएस मीटर जंतू दाखवत नाही हेही लक्षात असू द्यावे. मीटरवर ४० आकडा आला म्हणून न धुतलेल्या कॅनमधले पाणी शुद्ध ठरत नाही.

या सगळ्याहून मोठा प्रश्न टाकून दिलेल्या पाण्याचा. कच्च्या पाण्यात लिटरमागे ३ ग्रॅम क्षार असतील आणि निम्मे पाणी गोडे निघत असेल, तर उरलेल्या निम्म्यात लिटरमागे ६ ग्रॅमच्या आसपास क्षार जातात. दिवसाला २५० कॅन, म्हणजे ५,००० लिटर विकणारे केंद्र रोज तेवढेच खारे पाणी नालीत सोडते. त्यात सुमारे ३० किलो क्षार असतात, वर्षाला साधारण ११ टन. चेन्नईला हे पाणी सोडायला समुद्र आहे. इथे नाली गावाबाहेर जाते आणि तिचे पाणी त्याच बोअरच्या आसपास मुरते.

हा हिशेब मांडला की आरओवर सगळे गाव का चालू शकत नाही ते कळते. २,००० वस्तीच्या गावाला जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरप्रमाणे रोज १,१०,००० लिटर पाणी लागते. ते सगळे आरओतून काढायचे तर रोज साडेसहाशे किलो क्षार टाकायला जागा हवी. म्हणूनच मिशनने सामुदायिक शुद्धीकरण केंद्राकडे नळाचे पाणी पोचेपर्यंतची सोय म्हणून पाहिले, तेही पिण्या-स्वयंपाकापुरते माणशी ८ ते १० लिटर. पाणी धरायचे तर पावसाचेच धरायला हवे. ९० चौरस मीटरच्या पत्र्याच्या छपरावर ७०० मिलिमीटर पावसात गळती वजा जाता ५०,००० लिटर उतरतात. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला माणशी ५ लिटरप्रमाणे वर्षाला ९,००० च्या थोडे वर लागतात, तेव्हा १०,००० लिटरची झाकलेली टाकी पुरते. पहिले एक-दोन पाऊस वाहून जाऊ द्यावेत. चिकण मातीमुळे शेततळेही इथे प्लास्टिकशिवाय पाणी धरते. फक्त बांध नीट दाबला नाही तर हीच सोडियमची माती विरघळून त्याला भोक पडते. शेततळ्यांसारख्या कामांना मदत देणाऱ्या, २०१८ पासूनच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाणपट्ट्याची गावे घेतली गेली.

आरओ केंद्राचे खारे पाणी आटवायचेच असेल तर रोजच्या ५,००० लिटरसाठी, पावसाची भर वजा जाता, १५ ते २० गुंठ्यांचे प्लास्टिक अंथरलेले उथळ तळे लागेल. गावठाणाजवळ एवढी जागा द्यायला सहसा कोणी तयार नसते. आणि दिलीच, तर उन्हाळ्यात तळाशी उरते ते मीठ, दहिहांड्याला कढईत उरले होते तसेच, फक्त आता अँटीस्केलंट मिसळलेले, म्हणून कोणाच्याच स्वयंपाकाला न चालणारे.