पोह्यांचा डबा आणि वायफाय

परळच्या आमच्या वन-रूम-किचनमध्ये राउटर दाराच्या वर लागला, कारण वायर ओढायला आलेल्या मुलाला तिथेच ड्रिल मारणं सोपं पडलं. आई टॅबवर मालिका बघते ती ओट्याशी, टॅब पोह्यांच्या स्टीलच्या डब्याला टेकवून. नेमकं काहीतरी घडणार असतं तेव्हा स्क्रीनवर चक्र फिरायला लागतं आणि बोलणी मी खातो.

दार ते ओटा, जेमतेम 20 फूट. मग अडतं कुठे?

वायफायच्या रेडिओलहरींची लांबी 2.4 गिगाहर्ट्‌झला साधारण साडेबारा सेंटिमीटर, 5 गिगाहर्ट्‌झला सहाच्या आसपास. लाकूड, कपडे यांतून त्या बऱ्यापैकी पार होतात. धातूवर आपटून परततात, पाण्यात जिरतात. आणि आमच्या घरात वाटेवर काय? लोखंडी कपाट, आणि मोरीजवळ काठोकाठ भरलेलं 200 लिटरचं पिंप. नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं, त्यामुळे पिंप हलणार नाही.

टॅबवरच्या कमानींवर माझा विश्वास नाही. सिग्नल निम्म्याने घटला तरी त्या तशाच दिसू शकतात. वायफाय मोजणाऱ्या ॲपमध्ये डीबीएमचा, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककाचा, आकडा बघावा. तो उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे 50 उत्तम, उणे 67 पर्यंत व्हिडिओ सहसा नीट चालतो, उणे 80 ला रडारड. दर 10 आकड्यांना ताकद दहापटीने बदलते. राउटरने 100 मिलिवॅट सोडले आणि टॅबवर उणे 70 आले, तर पोचला तो शंभर कोटीवा हिस्सा! तेवढ्यावरही चित्र दिसतं, याचंच खरं तर नवल.

डब्याला टेकलेल्या टॅबवर उणे 76 होते. वीतभर डावीकडे, डब्यापासून सुटा धरला, तर उणे 66. म्हणजे दसपट. डबा एकीकडे लहर अडवतो, दुसरीकडे परतवतो. परतलेली लहर थेट आलेलीला छेद देते तिथे दोघी एकमेकींना मारतात. चार-सहा सेंटिमीटर सरकलं की चित्र बदलतं.

शिवाय टॅबला नुसतं ऐकून भागत नाही. मिळालेल्या माहितीची पोच त्याला राउटरकडे परत पाठवावी लागते, तीही राउटरपेक्षा सहसा कमी ताकदीने. म्हणून नुसता राउटरचा जोर वाढवून फारसं साधत नाही.

शेजाऱ्यांचा गोंगाट वेगळाच. ॲपमध्ये 23 नावं दिसली. 2.4 च्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. मायक्रोवेव्हही तिथेच बडबडतो. 5 गिगाहर्ट्‌झला चॅनेल जास्त. भिंतीपुढे ते लवकर दमतं खरं, पण मग शेजाऱ्यांचंही आपल्याकडे कमीच येतं.

वायर लांबवून राउटर कपाटापलीकडे टांगला, टॅब 5 वर टाकला. तो आता पोळपाटाला टेकतो. पोळ्यांच्या वेळी पोळपाट लागतो, मग स्वारी पुन्हा डब्याशी. तरी आकडा उणे 64 च्या खाली जात नाही, म्हणून मी गप्प आहे.