क्रिस्परची टेस्ट: यात 'एडिटिंग' आहे कुठे?

क्रिस्पर म्हटलं की जीन एडिटिंग आठवतं, पण त्यावरून रोगाचे जंतू ओळखायची टेस्टही निघालीये. १९८७ ला जपानमध्ये ई. कोलाय या बॅक्टेरियाच्या डीएनएत तेच ते तुकडे पुन्हापुन्हा दिसले होते, अर्थ कुणाला लागला नव्हता. यांनाच पुढे क्रिस्पर नाव पडलं. २००७ ला दही-चीजच्या विरजणातल्या बॅक्टेरियावर प्रयोग झाले आणि कळलं की ही तर बॅक्टेरियाची व्हायरसशी लढायची स्वतःची सोय आहे. २०१२ चं कास९, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापणारं आणि जीन एडिटिंगला वापरतात ते प्रोटीन, सगळ्यांना माहितीये, ते सोडतो.

टेस्टची खरी गोष्ट २०१६ ला कास१३ या त्याच्याच जातकुळीतल्या प्रोटीनपासून सुरू होते आणि शब्दांचा घोळही इथूनच. बातम्यांत 'जीन एडिटिंगने रोगनिदान' असं छापून येतं आणि मग लोक विचारतात, टीबीच्या तपासणीत आमचे जीन बदलणार का? अजिबात नाही! यात कुणाचाच जीन एडिट होत नाही, जे काय व्हायचं ते ट्यूबमधल्या नमुन्यात. कास९ ठरलेल्या जागी कापून थांबतं, पण कास१३ ला हवा तो, म्हणजे जंतूचा, आरएनए (डीएनएसारखाच एक रेणू) सापडला की ते चवताळतं आणि आजूबाजूचा दिसेल तो आरएनए कापत सुटतं. एडिटिंगसाठी हा दोषच, पण टेस्टसाठी सोनं, कारण ट्यूबमध्ये आधीच आरएनएचे छोटे धागे सोडून ठेवता येतात, एका टोकाला चमकणारा रंग, दुसऱ्या टोकाला ती चमक दाबणारा रेणू. धागा तुटला की उजेड, म्हणजे जंतू आहे. कास१२ डीएनए ओळखून असंच करतं हे २०१८ ला समोर आलं. आपल्याकडे सप्टेंबर २०२० ला मंजूर झालेल्या 'फेलुदा' या कोविडच्या कागदी पट्टीच्या पूर्ण नावात तर चक्क 'एडिटर' शब्द आहे, पण तिथलं कास९ एडिट काहीच करत नाही, फक्त ओळखून चिकटतं.

कोविडमुळे लोकांना ही व्हायरसची टेस्ट वाटते. पण २०१७ च्या पहिल्याच मोठ्या पेपरमध्ये झिका-डेंग्यूसोबत बॅक्टेरियाही होते, ई. कोलाय आणि स्यूडोमोनास वेगळे ओळखले होते, क्लेब्सिएला या बॅक्टेरियामधले औषधाला दाद न देणारे जीन पकडले होते, त्यात नवी दिल्लीचं नाव चिकटलेला तो एनडीएम पण होता. माझ्या मते आपल्या आयसीयूंसाठी हाच भाग सगळ्यात मोलाचा, कारण कल्चरचा (नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा) रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस जातात आणि टीबीच्या कल्चरला तर कित्येक आठवडे.

'पीसीआरची (तापमान वरखाली करत डीएनएच्या प्रती वाढवायच्या पद्धतीची) गरज संपली' हे मात्र अर्धंच खरं. बहुतेक पद्धतींत डीएनए आधी वाढवून घ्यावाच लागतो, फक्त त्यातल्या बऱ्याचशांना तापमान वरखाली करणारं मशीन लागत नाही, एकाच तापमानाला भागतं. आणि मेलेल्या जंतूचा डीएनएही पॉझिटिव्ह दाखवू शकतो, त्यामुळे टीबीचा कोर्स झाल्यावर जंतू खरंच मेला का हे बघायला अजून कल्चरच लावतात.