गुरूंची ध्वनिफीत लावली म्हणजे जप झाला?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या अनेक घरांत हा समज पक्का आहे: कानात गुरूंच्या आवाजातला मंत्र सुरू ठेवून डोळे मिटले की जप दुप्पट फळतो. तसं नाही. ते श्रवण आहे, आणि श्रवण चांगलंच. पण वाचिक (आवाजात), उपांशु (ओठ हलवत, आवाज न करता), मानस (मनातच) या तिन्ही जपांत मंत्र साधकानेच म्हणायचा असतो.

अडचण लयीची. फितीत एका आवर्तनाला 12 सेकंद लागत असतील तर 108 मण्यांना 21 मिनिटं 36 सेकंद होतात. तुमचा श्वास 8 सेकंदांचा असेल, तर मन सतत पुढच्या आवाजाची वाट पाहतं, बोटं मणी आधीच ओढतात आणि मोजणी चुकते. मध्येच जाहिरात वाजली तर बघायलाच नको.

फीत उच्चार शिकायला वापरा, तिथे तिला तोड नाही. आपल्या भागात तर हे फारच गरजेचं, कारण मराठी जीभ 'ज्ञ'ला 'द्न्य' म्हणते, कन्नड जीभ 'ग्न्य'. गुरूंनी दिला तोच उच्चार धरा. आधी 5 मिनिटं ऐका, ऱ्हस्व-दीर्घ आणि विसर्ग टिपा, फीत बंद करा. दोन मिनिटं शांत बसा. मग 11 वेळा हळू आवाजात, पुढे ओठ हलवत पण आवाज न करता, मन स्थिरावलं की मनातच. मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा मोठा मणी, ओलांडायचा नाही; तिथे पोचलं की माळ उलटी फिरवायची. मंत्र अडखळला तर फीत लावू नका, पुन्हा हळू आवाजात या.

सामूहिक पठणाला फीत चालते. गुरूंनी स्वतः सांगितलं असेल, तर अर्थातच त्यांचंच ऐकावं.