डोक्यावर धान्याचं माप घेतलेला देव: लंडनचा सेरापिस

दाट दाढी, भरघोस कुरळे केस. लंडन म्युझियमच्या संग्रहातलं हे संगमरवरी शिर ग्रीकांचा मुख्य देव झ्यूस याचंच वाटतं, पण डोक्याकडे नीट बघा. तिथे मुकुट नाही, धान्य मोजायचं माप आहे. रोमन लोक त्याला मोडियस म्हणत. साधारण पावणेनऊ लिटरचं हे माप आपल्या पायलीच्याच कामाचं. या मापावर ऑलिव्हची झाडं कोरली आहेत. सेरापिस ओळखायची सगळ्यात पक्की खूण हीच. मात्र पुष्कळ मूर्तींत हे माप वेगळं घडवून माथ्यावर बसवलेलं असे. ते गळून पडलं की मागे उरतो नुसता दाढीवाला देव, आणि त्याच्याखाली चुकीची पाटी लागते.

हा देव मूळचा इजिप्तचा. मेम्फिसमधल्या ओसिरिस-एपिसच्या (मृतांचा देव ओसिरिस आणि पवित्र बैल एपिस यांच्या एकत्र रूपाच्या) उपासनेला इजिप्तचा ग्रीक राजा पहिला टॉलेमी याच्या काळात, इ. स. पू. 300 च्या आसपास, ग्रीक रूप मिळालं. पुढे रोमचं पोट इजिप्तच्या गव्हावर चालू लागलं, आणि अलेक्झांड्रियाचा हा देव बंदरोबंदरी पोहोचला.

लंडनचं शिर 1954 च्या उत्खननात मिळालं. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या जागेवर नवी इमारत उठायची होती. विल्यम ग्राइम्स यांच्या पथकाला तिथे, वॉलब्रुक ओढ्याच्या काठी, साधारण इ. स. 240 मधलं, रोमन सैनिकांत लोकप्रिय असलेल्या मिथ्रा या देवाचं देऊळ सापडलं. शिर देवळाहून जुनं, दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातलं मानतात.

मिथ्राच्या घरी सेरापिस कसा? दोघांचंही सूर्याशी नातं जोडलेलं होतं. रोममध्ये सम्राट कॅराकॅलाच्या स्नानगृहाखालच्या मिथ्रामंदिरात तर एका लेखातलं सेरापिसचं नाव खोडून तिथे मिथ्राचं कोरलं आहे.

चौथ्या शतकात लंडनच्या या मूर्ती जमिनीखाली पुरल्या गेल्या. ख्रिस्ती लोकांच्या भीतीने, असं पूर्वी सर्रास सांगत. देऊळ पुढे मद्याचा देव बॅकस याच्याकडे गेलं असावं, हे मत मला अधिक पटतं. पुरल्यामुळे फायदाच झाला. ओल्या गाळात संगमरवराची झिलई टिकली. जुन्या खासगी संग्रहांतल्या कित्येक मूर्ती मात्र आम्लाने धुतल्या गेल्या. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाने डागाबरोबर वरचा थरही विरघळतो, गाल खरबरीत होतात आणि दाढीच्या बटांत सामत्याने (भोकं पाडायच्या हत्याराने) पाडलेल्या खोबणींच्या कडा बोथट होतात.