खंदकातला नास्तिक

‘खंदकात कुणी नास्तिक नसतो.’ देव आहे की नाही हा वाद रंगला की कुणीतरी हे वाक्य टाकतंच, आणि बहुतेक वेळा वाद तिथेच थंडावतो. डोक्यावरून गोळ्या जाऊ लागल्या की भलेभले हात जोडतात, असा त्याचा अर्थ. वाक्य लहान आहे, ऐकताक्षणी पटतं आणि त्यामागे युद्धाचं वजन आहे. पण त्यात एक निरीक्षण आणि एक निष्कर्ष अशा दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. निरीक्षणात बरंच तथ्य आहे. मनातून सगळे आस्तिकच असतात, म्हणजे देव आहेच, हा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

मूळ इंग्रजी म्हणीत शब्द आहे ‘फॉक्सहोल’, म्हणजे कोल्ह्याचं बीळ. सैनिक स्वतःपुरता, फार तर दोघांपुरता, घाईघाईने खणतो तो खड्डा. ही म्हण जगभर पोचली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४२ च्या सुरुवातीला फिलिपिन्समधल्या बटान द्वीपकल्पावर अमेरिकी आणि फिलिपिनो सैन्य जपान्यांच्या कोंडीत सापडलं होतं. तिथले कॅथलिक धर्मगुरू विल्यम कमिंग्ज यांनी एका प्रवचनात हे वाक्य उच्चारलं, असं कार्लोस रोम्युलो या फिलिपिनो सेनाधिकाऱ्याने त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आठवणींत लिहिलं. म्हणीचं श्रेय इतरांनाही दिलं जातं, त्यात युद्धवार्ताहर अर्नी पाइल यांचं नाव वारंवार येतं. ९ एप्रिलला बटान पडलं. कमिंग्ज युद्धकैदी झाले आणि १९४५ च्या जानेवारीत, कैद्यांना जपानकडे नेणाऱ्या जहाजावर मरण पावले. हे बोलणारा माणूस सुरक्षित जागी बसून बोलत नव्हता, याची आठवण वाद घालताना ठेवायला हवी. पुढे १९५४ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी तेच वाक्य भाषणात वापरलं आणि सैनिकांच्या अनुभवाला राष्ट्रीय सत्याचं रूप मिळालं.

पण बटानच्या खूप आधी हे वाक्य फिरत होतं. नोव्हेंबर १९१४ मध्ये, पहिलं महायुद्ध सुरू होऊन चार महिनेही झाले नव्हते तेव्हा, आघाडीवरून आलेल्या पत्रातला मजकूर म्हणून ते एका इंग्रजी वर्तमानपत्रात छापून आलं होतं. तेव्हा शब्द होता ‘ट्रेंच’, लांबच लांब खंदक. आणखी मागे गेलं तर सोळाव्या शतकात फ्रेंच निबंधकार माँतेन्य प्लेटोचा हवाला देऊन लिहितो, की नास्तिकपणावर इतके ठाम लोक फार थोडे, की समोर ठाकलेलं संकट त्यांना दैवी शक्ती मान्य करायला लावणार नाही.

या परंपरेत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो रोमन कवी लुक्रेशियस. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात त्याने लिहिलं, की माणूस ओळखायचा तर संकटात ओळखावा. तेव्हा मुखवटा गळतो, खरे शब्द छातीतून वर येतात, आणि बिकट प्रसंगी माणसं धर्माकडे अधिकच आवेगाने वळतात. खंदकाच्या म्हणीतलं निरीक्षण हेच आहे. पण लुक्रेशियसने त्यावरून काढलेला निष्कर्ष नेमका उलटा होता. माणसांना देवाकडे ढकलणारी शक्ती म्हणजे भीती, असं त्याचं म्हणणं होतं. निरीक्षण एक आणि निष्कर्ष दोन, तेही परस्परविरोधी. मग नुसत्या निरीक्षणाने वाद मिटत नाही, हे इथेच दिसतं.

आता तर्क तपासू. ‘कुणीही नाही’ असं म्हणणारं विधान खोडायला एक उदाहरण पुरतं. अशी उदाहरणं एक-दोन नाहीत. अमेरिकेत सैन्यात सेवा केलेल्यांच्या थडग्यांवर कोरायला सरकारने मान्य केलेली श्रद्धाचिन्हं आहेत, क्रूस आहे, चंद्रकोर आहे, आणि त्याच यादीत नास्तिकांसाठी वेगळं चिन्हही आहे. पण असं उदाहरण दिलं की उत्तर येतं, ‘वरवर नास्तिक असेल, मनात देवाचा धावा केलाच असणार.’ आता त्या मनात डोकावणार कोण? विज्ञानाच्या अभ्यासकाने सावध व्हायची जागा ही. कुठलाही पुरावा आला तरी जे विधान खोटं ठरूच शकत नाही, ते भक्कम नसतं, ते फक्त तपासणीच्या बाहेर जाऊन बसलेलं असतं.

शिवाय खंदकातल्या गोष्टी आपल्याला सांगतं कोण? जे परत आले ते. या चुकीवर बोट ठेवणारी गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वी रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोने नोंदवून ठेवली आहे. मेलॉसचा डायगोरस हा प्राचीन ग्रीसमधला नामांकित नास्तिक. एका मंदिरात त्याला मित्राने भिंतीवरच्या तसबिरी दाखवल्या. समुद्रात वादळात सापडलेल्या, नवस बोललेल्या आणि वाचलेल्या लोकांनी त्या देवाला अर्पण केल्या होत्या. मित्राने विचारलं, ‘देव माणसांची काळजी घेतो हे यावरून पटत नाही का?’ डायगोरस म्हणाला, ‘जे बुडाले त्यांच्या तसबिरी कुठे आहेत?’ आजच्या संख्याशास्त्रात याला उत्तरजीवितेचा पूर्वग्रह म्हणतात. नवस बोलून बुडालेले आणि नवस न बोलता वाचलेले, दोघेही त्या भिंतीवर नसतात.

तरीही मूळ निरीक्षण झटकून टाकता येत नाही, आणि नास्तिकांनी ते झटकूही नये. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहून पाहिलं, की शांत खाजणात मासे धरताना कोळी फक्त आपल्या कौशल्यावर विसंबतात. तेच लोक खुल्या समुद्रात निघाले, जिथे धोका आहे आणि काय हाती लागेल याचा भरवसा नाही, की मंत्रतंत्र सुरू होतात. म्हणजे नुसती भीती पुरत नाही, तिच्या जोडीला अनिश्चितता आणि हतबलताही लागते. खंदकात बसलेल्या सैनिकाची अवस्था तीच. तोफगोळा कुठे पडणार हे त्याच्या हातात नसतं. करण्यासारखं काही उरत नाही तेव्हा मन कृतीची जागा शोधतं आणि प्रार्थना ती जागा घेते.

मोठ्या प्रमाणावरही हे दिसतं. सिएरा लिओन, युगांडा आणि ताजिकिस्तान इथल्या लोकांच्या अभ्यासात, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, असं आढळलं की युद्धाची झळ ज्यांना जास्त बसली ते पुढे कित्येक वर्षं धार्मिक गटांत आणि विधींत अधिक सहभागी होत राहिले. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या २०११ च्या भूकंपानंतर बाधित लोकांमध्ये धर्माकडे वळणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, बाकीच्या देशात ते घटत असताना. पण ही वाढ थोडी होती. बाधितांमधले बहुसंख्य निधर्मी लोक निधर्मीच राहिले. ‘वळणाऱ्यांचं प्रमाण वाढतं’ आणि ‘कुणीच उरत नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मनात डोकावण्याचा प्रयत्नही झाला आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातले जोनाथन जाँग, जेमिन हाल्बरस्टाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये काही लोकांना स्वतःच्या मृत्यूविषयी लिहायला सांगितलं आणि मग अलौकिक गोष्टींवरचा त्यांचा विश्वास विचारला. आस्तिक अधिक आस्तिक झाले आणि निधर्मी आपल्या अविश्वासावर अधिक ठाम झाले. म्हणीच्या बरोबर उलट! पण पुढचा प्रयोग वेगळा होता. पडद्यावर देव, देवदूत असे शब्द आले की ‘खरं’ किंवा ‘कल्पित’ याचं बटण झटकन दाबायचं. मृत्यूचा विचार करून आलेले आस्तिक ‘खरं’ म्हणायला जलद झाले, तर निधर्मी लोक ‘कल्पित’ म्हणायला जरा मंदावले. फरक सेकंदाच्या छोट्याशा अंशाचा. फिनलंडमध्येही असंच काहीसं दिसलं. नास्तिकांना ‘देवा, हिंमत असेल तर माझ्या आईवडिलांना बुडव’ अशी वाक्यं मोठ्याने वाचायला दिली, तेव्हा त्यांच्या तळहातांना आस्तिकांइतकाच घाम सुटला. प्रयोगातली माणसं मोजकीच होती, त्यामुळे त्यावर फार इमले चढवू नयेत.

तर मग आत खोलवर सगळे आस्तिकच का? मला तसं वाटत नाही. उंच दरीवर बांधलेल्या काचेच्या पुलावर पाऊल टाकताना पाय थरथरतात. काच भक्कम आहे हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, तरीही. तत्त्वज्ञ टमार गेंडलर यांनी २००८ मध्ये हेच उदाहरण देऊन मनाच्या या अवस्थेला वेगळं नाव दिलं, कारण तिला ‘विश्वास’ म्हणणं चूक ठरेल. थरथरणारे पाय हे आपलं खरं मत आणि पूल ओलांडायचा निर्णय हा मुखवटा, असं कुणी म्हणत नाही. मराठी माणसाला तर हे समजायला प्रयोगशाळाही नको. ठेच लागली की तोंडून ‘आई गं!’ निघतं. आई जवळ आहे असं त्या क्षणी आपण मानत नसतो, ती हयात नसली तरी शब्द तोच येतो. हाक हा शरीराचा आणि भाषेचा उद्गार आहे. त्यावरून विश्वासाचा दाखला काढता येत नाही.

आणि समजा, खंदकातला प्रत्येक जण खरोखरच आस्तिक झाला, तरी त्यातून देव असल्याचं सिद्ध होतं का? तहान लागली म्हणून मृगजळाचं पाणी होत नाही. त्याचबरोबर, भीतीपोटी श्रद्धा जन्मते म्हणून ती खोटीच, हेही तितकंच चुकीचं. एखादा विचार मनात कसा आला आणि तो खरा आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. म्हणूनच ही म्हण आस्तिकांनाही खटकायला हवी असं मला मनापासून वाटतं. आयुष्यभर विचारपूर्वक, प्रेमाने जपलेली श्रद्धा आणि तोफेच्या आवाजाने पिळून काढलेला धावा यांना ती एकाच मापाने मोजते. शिवाय युद्धात आणि छळछावण्यांत ज्यांची श्रद्धा उडाली ते हजारो लोक तिच्या हिशोबात येतच नाहीत.

बटानच्या अकराहून अधिक वर्षं आधी एका तुरुंगात या म्हणीला उत्तर लिहिलं गेलं होतं. ऑक्टोबर १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात तेवीस वर्षांच्या भगतसिंगांनी आपल्या नास्तिकपणावर निबंध लिहिला. निकाल काय लागणार हे त्यांना ठाऊक होतं. देवावरच्या श्रद्धेने हालअपेष्टा सुसह्य होतात, मोठा आधार मिळतो, वादळात स्वतःच्या पायांवर उभं राहणं हा पोरखेळ नाही, हे त्यांनी त्यात मोकळेपणाने कबूल केलं. एका मित्राने त्यांना प्रार्थना करायला सुचवलं होतं. आपण नास्तिक आहोत हे सांगितल्यावर तो म्हणाला, शेवटचे दिवस आले की तूही मानायला लागशील. तसं होणार नाही, असं भगतसिंगांनी त्याला सांगितलं. स्वार्थासाठी प्रार्थना करणं त्यांना स्वतःचा अधःपात वाटत होता. २३ मार्च १९३१ रोजी त्यांना फाशी देण्यात आलं.