अळणीची वाटी आणि शुगरचा आकडा

कोल्हापूरकडं मटण करायचं म्हटलं की आधी ते हळद आणि आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात शिजवतात, त्या पाण्याला म्हणायचं अळणी, आणि पुढं तांबडा काय पांढरा काय, दोन्ही रस्से त्याच्यातूनच निघतात. आमच्या मामाला शुगर निघाली तेव्हा घरात सगळ्यात आधी बंद झाला तो रस्सा. भाकऱ्या मात्र तीनच्या तीन चालू, का तर ज्वारी पथ्याची!

आता हिशेब बघा. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात कार्ब (म्हणजे स्टार्च, साखर असले रक्तातली शुगर वाढवणारे पदार्थ) 70 ग्रॅमच्या आसपास असतात, म्हणजे 50 ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर 35 ग्रॅम, आणि तीन भाकऱ्यांचे शंभराच्या वर गेले. अळणीत किती? जवळजवळ शून्य, कारण मटणात स्टार्च नसतोच, पाण्यात उतरणार कुठून.

मग त्या पाण्यात उतरतं काय? हाडं, कूर्चा, शिरा यांच्यात कोलॅजन नावाचं प्रोटीन असतं, दोरीसारखा पीळ घातलेलं. मंद आचेवर तासन्‌तास ठेवलं की तो पीळ सुटतो आणि त्याचं जिलेटिन होतं (कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या जवळ जातं म्हणून तेच काम लवकर उरकतं). पायाचं सूप पिताना ओठ चिकटतात ना, ते हेच, आणि फ्रीजमध्ये ठेवल्यावर थलथलीत जेली होते तीही ह्याचीच. पण जिलेटिन म्हणजे पूर्ण प्रोटीन नाही हां, ट्रिप्टोफॅन हे गरजेचं अमिनो ॲसिड त्यात नसतं, त्यामुळं नुसतं सूप पिऊन मटण-अंड्याची भरपाई होत नाही.

चवीचं गणित तर अजून भारी आहे. 1908 साली जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेट नावाचा चव देणारा घटक वेगळा काढला आणि त्या चवीला उमामी म्हटलं. मांसात इनोसिनेट हा तसलाच चवीचा घटक असतो, कांदा-टोमॅटोत ग्लुटामेट, आणि दोन्ही एकत्र आले की चव नुसती बेरीज होऊन थांबत नाही, कितीतरी पटीनं वाढते. म्हणून दुधी किंवा कोबी, किंवा भाताऐवजी किसलेला फ्लॉवर, साध्या पाण्याऐवजी अळणीत शिजवला की जेवल्यासारखं वाटतं, नाहीतर लो-कार्ब जेवण दुसऱ्याच दिवशी नकोसं होतं.

घट्टपणासाठी कॉर्नफ्लोअर लावू नका, तो निव्वळ स्टार्च. रस्सा आटवला की जिलेटिननं आपोआप अंगाबरोबर होतो. पांढऱ्या रश्श्यातलं नारळाचं दूध, तीळ, खसखस ह्यात कार्ब कमी पण कॅलरी बक्कळ, तेव्हा वाटी छोटी घ्या.

खरी गोम मिठात आहे. अळणी म्हणजे बिनमिठाचं, नावातच सांगितलंय, पण आपण शिजवतानाच चमचाभर टाकतो आणि मग आटवतो, पाणी उडतं मीठ तिथंच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते, आणि बाजारातल्या बऱ्याच सूप क्यूबमध्ये निम्म्याच्या आसपास मीठच असतं, वर साखर नाहीतर माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर. कार्ब एकदम तोडले की इन्सुलिन उतरतं, किडनी जास्त सोडियम बाहेर टाकते आणि डोकं दुखतं, म्हणून कीटोवाले (कार्ब जवळजवळ बंद करून फॅटवर भर देणारे) खारट सूप पितात, पण बीपी किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी ते बघून आपलं तसंच करू नये. आणि इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असताना भाकऱ्या तीनवरून एकदम एकवर आणायच्या असतील तर आधी डॉक्टरांशी बोला, डोस तोच राहिला तर शुगर खाली कोसळू शकते.

शाकाहारी मंडळींना शेवग्याच्या शेंगा, टोमॅटो, कांदा, सुकवलेले मशरूम उकळून गाळलेलं पाणी चालतं, जिलेटिन नाही पण चव येते. फक्त पुरणाचा कट ह्यात धरू नका, त्यात हरभऱ्याच्या डाळीचा स्टार्च उतरलेला असतो आणि आमटीत गूळ पडतो तो वेगळाच.