जुन्या पेन्शनचा हिशेब

नोव्हेंबर उजाडला की बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागते. पिशवीत पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची झेरॉक्स, हातात काठी. बोटांचे ठसे झिजलेले असले की मशीन दोनदा-तीनदा नाकारतं आणि समोर उभा असलेला माणूस जिवंत असल्याचं कागदावर यायला अर्धा तास जातो.

सरकारी नोकरांना जुनी पेन्शन परत द्यावी का, हा वाद या हयातीभोवतीच फिरतो. 'स्वातंत्र्याच्या वेळी सरासरी आयुर्मान 32 होतं, आता 70 झालं, मग पेन्शन परवडणार कशी?' असं सर्रास बोललं जातं. हा हिशेब अर्धवट आहे. 32चा आकडा बालमृत्यूंमुळे इतका खाली होता. नोकरीला लागलेला कारकून काही बत्तिशीत जात नव्हता. साठी गाठलेला माणूस पुढे किती जगतो, हे बघायला हवं. आज ती सरासरी सुमारे 18 वर्षं आहे, आणि त्याच्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन असतंच. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्राने ऐंशीनंतर 20 टक्के आणि शंभरीला 100 टक्के जादा पेन्शन दिली, म्हणजे दीर्घायुष्य सरकारनेही धरलेलं होतं.

जुन्या पद्धतीत शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता. त्यासाठी वेगळी गंगाजळी नाही, पैसा त्या-त्या वर्षीच्या तिजोरीतून. पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये डी. एस. नकारा या निवृत्त सरकारी अधिकाऱ्याच्या खटल्यात सांगितलं होतं. तरी 1 जानेवारी 2004 पासून केंद्राने आणि 1 नोव्हेंबर 2005 पासून महाराष्ट्राने नव्या भरतीला अंशदायी योजना लावली. पगारातून 10 टक्के कापायचे, हाती किती येणार ते बाजार ठरवणार. म्हणून मार्च 2023 मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यातले कर्मचारी सात दिवस संपावर गेले. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने एकीकृत योजना आणली : 25 वर्षं सेवा झाली तर शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन. निम्म्याची हमी परत आली, कपात मात्र राहिली.

हे सगळं सरकारी नोकरांचं. 2011च्या जनगणनेत राज्यातले जवळपास 10 टक्के लोक साठीपुढचे होते. त्यातल्या बहुतेकांनी पीपीओ पाहिलेलाही नाही. दारिद्र्यरेषेखालच्या म्हाताऱ्यांना केंद्राकडून मिळणारे महिना 200 रुपये दीड दशकाहून अधिक काळ तेवढेच आहेत, ऐंशीनंतर 500. वर राज्याचे पैसे मिळतात म्हणून निभतं. पासबुक भरून घ्यायला ही माणसंही याच बँकेत येतात. नोव्हेंबरातच असं नाही, पैसे पडलेत का ते बघायला दर महिन्याला.